फार्सवाला भरमू आण्णा

काकतीच्या पलीकडे हायवे सोडून आत वळलं की जे गाव लागतं, तिथे भरमू आण्णाचं आडनाव सांगून घर विचारलं तर लोक डोकं खाजवतात. फार्सवाला म्हटलं की शेंबडं पोरही बोट दाखवतं.

उमेदीची सगळी वर्षं भरमू आण्णानं उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत काढली. सकाळी डबा घेऊन जायचा, संध्याकाळी येऊन म्हशीची धार काढायचा. यात्रांचे दिवस जवळ आले की जेवण उरकून देवळाच्या मंडपात तालमीला बसायचा. बेळगावच्या खेड्यांत नाटकाच्या जाती तीनच. ऐतिहासिक, सामाजिक आणि फार्स. पंच मंडळी विचारायची, "औंदा काय? ऐतिहासिक का फार्स?" हा शब्द इंग्रजी आहे असं तिथे कुणाला वाटत नाही. कोयता आणि फार्स, दोन्ही गावचेच.

सौरव त्याच्याकडे पहिल्यांदा गेला तो याच शब्दासाठी. सौरव निपाणीचा. मराठी साहित्यात एम.ए. झालेला आणि बेळगावातल्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवणारा. त्याला खेड्यातल्या नाटकांवर एक लेख लिहायचा होता. भरमू आण्णा तेव्हा गोठ्यात कडबा तोडत होता.

"फार्स म्हणजे नेमकं काय, आण्णा?" सौरवनं विचारलं.

"माणूस एक थाप मारतो. ती झाकायला दुसरी. दुसरी झाकायला तिसरी. तवर दारातनं सासरा येतो."

"आणि मग?"

"मग लोकं हसत्यात. त्यो मातूर घामाघूम. त्येला हसाय सवड कुठली?"

सौरवनंही आपलं ज्ञान पाजळलं. मूळ शब्द लॅटिन. अर्थ भरणं, ठासणं. युरोपात पूर्वी देवाधर्माची नाटकं चालायची. त्यांच्या मधल्या फटींत गमतीचे तुकडे भरायचे. त्या भरण्यावरून फार्स.

भरमू आण्णाचा कोयता थांबला. "म्हंजे सारण."

"तसंच काहीतरी."

"करंजीतलं."

"हो."

त्याला ते फार आवडलं. कारण त्याची सुरुवातच तशी झाली होती. ऐतिहासिक नाटकात मागे महालाचा पडदा काढून जंगलाचा लावेपर्यंत पुढे कुणीतरी वेळ भरायला लागायचं. मंडळानं त्याला ढकललं. त्यानं वेळ भरला. लोक जंगल विसरले. पुढच्या वर्षीपासून गावात फार्स बसू लागले.

लेख लिहून झाला, छापूनही आला. सौरवचं जाणं-येणं मात्र थांबलं नाही. दोघांच्या वयात बाप-लेकाचं अंतर. तरी मैत्री जमली. रविवारी सौरव जायचा, चहा व्हायचा, भरमू आण्णा जुन्या फार्समधले प्रवेश करून दाखवायचा. सासरा, जावई, घरमालक, मोलकरीण, सगळे एकटाच.

एकदा पेपरात मथळा होता. कसल्यातरी चौकशीचा निव्वळ फार्स झाला म्हणून. भरमू आण्णानं पेपर सौरवपुढे टाकला.

"ह्येला फार्स म्हंत्यात? आमी मांडवातल्या लोकांना सांगून खोटं बोलतो. ह्येंनी न सांगता बोलल्यात. त्येला लबाडी म्हणा की. आमचं नाव कशाला खराब करताय?"

"शब्दाला दोन अर्थ असतात, आण्णा. एक रंगमंचावरचा, एक पेपरातला."

"दुसरा काढून टाक."

"माझ्या हातात आहे का ते?"

"मग मास्तर कशाला झालास?"

सौरव हसला. भरमू आण्णा हसला नाही.

त्यानंतरच्याच एका रविवारी त्यानं बायकोची गोष्ट सांगितली. आधी दुसरंच बोलत होता. आपल्याला आयुष्यात एकदा तरी गंभीर भूमिका हवी होती, म्हणाला. मंडळानं एकदा सामाजिक नाटकात बापाचं काम दिलं. मुलगी सासरी निघते, बाप दोन वाक्यं बोलतो. त्यानं ती दोन वाक्यं महिनाभर घोटली. पण रंगमंचावर त्याचं पाऊल पडलं आणि मंडप फुटला. तोंड उघडायच्या आधीच लोक हसून लोळत होते.

"आणि बायको गेली तवा," तो त्याच सुरात पुढे बोलला, "मशानात मला हुंदका आला. जरा मोठा आला. मागनं कुणीतरी हसलं. मग आणखी एक जण हसला. मुद्दाम न्हवं रं. भरमू रडाय लागला की हसू येतंयच, म्हणाले नंतर. माफी बी मागितली."

सांगण्याची पद्धत अशी की सौरवलाही हसू आलं. आल्यावर त्याला कळलं आपण कशाला हसलो. त्याचा हात चहाच्या कपावर तसाच राहिला. भरमू आण्णा म्हशीकडे बघत होता.

पुढे कोरोना आला. दोन वर्षं यात्रा झाल्या नाहीत. मग झाल्या त्या ऑर्केस्ट्राच्या. पोरांना नाटकात रस उरला नव्हता. पडद्यांची पेटी देवळाच्या माळ्यावर गेली. भरमू आण्णा फौंड्रीतनं निवृत्त झाला, मुलगी लग्न होऊन गोव्याकडे गेली. घरात तो आणि म्हैस. सौरवला वाटलं, आता हा माणूस खचणार.

खचला नाही. उलट तरतरीत दिसू लागला. नवा कोट शिवला. मिशीला कलप लावू लागला. कधीकधी रविवारी घराला कुलूप असायचं. विचारलं की म्हणायचा, "पावण्याकडं गेलतो." सौरवला बरं वाटलं. माणसाला पाहुणे असावेत.

निपाणीजवळ सौरवची मावशी राहते. जयाबाई. तिचा मुलगा नागेंद्र. ऊस, थोडा तंबाखू, विहिरीला बारमाही पाणी, स्लॅबचं घर. कुठलं व्यसन नाही. सदतिशी उलटली तरी लग्न नाही. नातेवाइकांत मुली होत्या, पण शेतकरी नवरा कुणालाच नको. एका मुलीनं तर बघायला आलेल्या नागेंद्रलाच विचारलं होतं, तुम्ही पुण्यात काहीतरी बघत का नाही? नागेंद्रनं खाली मान घालून, बघतो, म्हटलं होतं. जणू शेती ही एक सुधारता येण्याजोगी चूक होती.

तरी त्यानं आशा सोडली नव्हती. बायको येईल म्हणून त्यानं आरशाचं कपाट घेऊन ठेवलं होतं. त्याचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं.

त्या पावसाळ्यानंतर जयाबाईचा सौरवला फोन आला. चिकोडीकडचा एक मध्यस्थ भेटला होता. मारुतीराव नावाचा. त्याच्याकडे स्थळ होतं. मुलगी अनाथ, मामानं वाढवलेली, जात-पात जुळणारी, आणि शेतकरी चालेल म्हणणारी.

"तू चल रं बाबा," जयाबाई म्हणाली. "शिकलेलं माणूस संगं असलं म्हंजे बरं. आमाला कोण काय इचारल्यावर तोंडातनं शब्द फुटत न्हाय."

"चौकशी केलीस का मावशी? हल्ली फसवतात. लग्न करून देतात आणि मुलगी आठवड्यात दागिने घेऊन जाते."

"मामा लई भला माणूस हाय म्हंत्यात. घराणं बोलण्यातनं कळतंय."

मारुतीरावाची एकच अट होती. पसंत पडली तर त्याच बैठकीत कुंकू लावायचं आणि मुलीच्या गळ्यात सोनं घालायचं. दुसरी मंडळी वाट बघतायत, म्हणाला. जयाबाईनं आपली बोरमाळ हळदीकुंकवाच्या डब्याबरोबर पिशवीत घेतली. ती तिला तिच्या सासूनं घातली होती.

घर चिकोडीत एका बोळात होतं. भाड्याचं दिसत होतं. भिंतीवर कॅलेंडरशिवाय काही नव्हतं. मारुतीरावानं सतरंजी घातली, पाणी दिलं, हवापाण्याचं बोलला. मग आतल्या दाराकडे वळून म्हणाला, "मामा, पावणं आल्यात."

मामा आले. पांढरा फेटा, नवा कोट, नाकावर चष्मा. दोन्ही हात जोडून त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि भिंतीशी बसले.

तो भरमू आण्णा होता.

सौरवला वाटलं आपण चुकतोय. मग वाटलं, असेल, त्याची बहीण या बाजूला दिली असेल, भाची असेल. पण भरमू आण्णानं दहादा सांगितलं होतं की त्याला बहीण नाही. चार भाऊ, बहीण एकही नाही, म्हणून रक्षाबंधनाला आम्ही एकमेकांना राख्या बांधायचो. त्यावर त्याचा एक प्रवेशही होता.

भरमू आण्णाची नजर सगळ्यांवरून फिरली. सौरववर आली. पुढे गेली. पापणीही लवली नाही.

"प्रवास बरा झाला न्हवं?" मामांनी जयाबाईला विचारलं. आवाज भरदार, संथ. सौरवनं तो कधीच ऐकला नव्हता.

"झाला की, दादा."

"पोरगं कुठलं ते म्हायती हाय. पानी मे महिन्यात किती असतंय हिरीला?"

"दोन तास मोटार चालती," नागेंद्र म्हणाला.

"दारू?"

"न्हाय."

"तंबाखू?"

"पिकवतो. खात न्हाय."

सतरंजीवरचे सगळे हसले. आतल्या दारात पदर सावरून उभी असलेली मुलगीही हसली. तिचं नाव रचना असं सांगितलं होतं. सावळी, उंच, विशी-बाविशीची. ती हसली तसा नागेंद्र लाल झाला. मामा हसले नाहीत. सगळे गप्प होईपर्यंत ते थांबले आणि म्हणाले, "ही पोर आईबापाविना वाढली. तिला रागानं कोण बोललं तर ती जेवत न्हाय. तेवढं सांभाळा. मला दुसरं काय नको."

जयाबाईनं डोळ्यांना पदर लावला. "माझ्या पोरीवानी बघीन, दादा," ती म्हणाली.

सौरव उठला. हात धुवायचे आहेत म्हणून मागच्या अंगणात गेला. थोड्या वेळानं भरमू आण्णा पान थुंकायला बाहेर आला. दोघांखेरीज तिथे कुणी नव्हतं.

"आण्णा, हे काय चाललंय?"

भरमू आण्णानं चूळ भरली. तोंड पुसलं.

"पानी हिकडं हाय, पावणं," तो मामांच्याच आवाजात म्हणाला. "साबण पायजे का?"

आणि आत गेला.

सौरव तिथेच उभा राहिला. त्याला अनेक गोष्टी एकदम कळल्या आणि एकही बोलता येईना. आत शिरून ओरडावं तर मारामारी होईल. गप्प बसावं तर बोरमाळ जाईल. बोरमाळेचं एक वेळ सोसेल. पण आठ-पंधरा दिवसांनी पहाटे उठून नागेंद्र घरभर मुलीला शोधेल, गाव दारात जमेल, तेव्हा काय? त्यानं नागेंद्रचा तो लाल झालेला चेहरा बघितला होता.

तो आत आला तेव्हा मुलगी पाटावर बसली होती. जयाबाईनं कुंकवाचा करंडा उघडला होता. बोरमाळ तिच्या मांडीवर होती.

"मावशी, जरा थांब," सौरव म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. नागेंद्रनंही.

"बरोबर हाय पावण्यांचं," मामा बोलले. "घाई नको. देवक इचारलं का कुणी?"

मारुतीराव चपापला. "ते मी बघितलंय की, मामा. ह्यांचं कळंब, पोरीचं पंचपल्लव."

"पंचपल्लव कुणी सांगितलं तुला?"

"तुमीच की."

"मी कशाला सांगू? पोरीच्या बापाचं देवक कळंब. माझी भन दिलीती त्या घरात. लग्नात कळंबाची फांदी मी स्वता खांद्यावरनं आणलीती." मामांनी जयाबाईकडे वळून हात जोडले. "आक्का, देवक एक निघालं. भावंडं झाली की ही."

जयाबाईचा हात मागे आला. देवक एक म्हणजे एक रक्त. तिथे लग्न होत नाही, त्यावर बोलणंही होत नाही. तिनं बोरमाळ पिशवीत टाकली, मुलीच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत तांदूळ घातले आणि म्हणाली, "माझ्या नशिबात न्हवतीस, बाळ."

मारुतीराव मामांकडे बघत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मामा जमिनीकडे बघत होते, एखाद्या दुःखी माणसासारखे.

गाडीत सौरवला हायसं वाटत होतं. भरमू आण्णा शेवटी शुद्धीवर आला, त्याला वाटलं. आपल्याला ओळखलं, लाज वाटली, आणि तो माणूस परत माणूस झाला.

दुसऱ्या दिवशी तास बुडवून तो काकतीकडे गेला. भरमू आण्णा म्हशीला पाणी दाखवत होता. फेटा नव्हता. मिशीचा कलप होता.

"बस," तो म्हणाला.

"किती वेळा केलंत हे?"

"ह्येच्या आदी? केलंय की. मोजलं न्हाय."

त्यानं सगळं सांगितलं. मारुतीरावानं त्याला एका यात्रेत पाहिलं होतं. एक अनाथ पोर आहे, लग्नात मागे उभं राहायला मामा नाही, बिनमामाची पोर कोण करणार, तुम्ही मामा म्हणून बसा, पुण्य लागेल, असं सांगितलं. भरमू आण्णाला ते खरं वाटलं. पहिल्या खेपेला त्यानं स्वतःच्या पैशानं पोरीला लुगडं घेतलं. मामानं घ्यायचं असतं म्हणून. दोन महिन्यांनी मारुतीरावाचा परत फोन. गेला, तर तीच पोर. तेव्हा तिचं नाव प्रियदर्शनी होतं.

"तेव्हा कळलं ना तुम्हाला?"

"न कळायला काय झालं? मी काय खुळा हाय?"

"मग उठून का नाही आलात?"

भरमू आण्णा बादली उपडी करून त्यावर बसला.

"मी बोलाय लागलो आणि लोकं गप बसली, मास्तर. माझं तोंड बघून कोण हसलं न्हाय. एक म्हातारी तर माझ्या पाया पडली. मी पोरीचं दुःख सांगितलं आणि लोकं रडली. खरंच रडली. तुला काय सांगू? त्या दिवशी मला घरी आल्यावर झोप लागंना."

"आण्णा, ती माणसं नंतरही रडली असतील."

"आसतील."

"आणि काल? काल तुम्ही थांबवलंत."

"तू बसलातास की समोर." तो साधेपणानं म्हणाला. "तुला बघितलं आणि माझं समदं बोलणं मलाच खोटं वाटाय लागलं. पुढं काय म्हणायचं तेच आठवंना. मग देवक सुचलं, बोललो."

"मी नसतो तर?"

"तर माळ गेली असती."

सौरव या माणसाकडे बघत राहिला. इतकी वर्षं रविवारी ज्याच्या हातचा चहा प्यायला तो माणूस. त्याला राग येईना. भीतीही वाटेना.

"आणि ती पोरगी?" त्यानं विचारलं.

"तिला कोण न्हाय हे मातूर खरं हाय. विजापूरच्या पलीकडनं आणल्याली. मारुतीराव ठेवतो तिथं ऱ्हाती."

सौरव उठला. निरोप न घेता निघाला.

एवढ्यावर संपलं असतं. सौरवनं ठरवलं होतं, नागेंद्रला काही सांगायचं नाही. देवक जुळलं नाही एवढंच त्याच्या मनात राहू दे. पण आठवडा उलटायच्या आत जयाबाईचा फोन आला. आवाजात उत्साह होता.

"मार्ग निघाला बघ रं."

"कशाचा?"

"देवकाचा. मारुतीरावानं भटजीला इचारलं. मामानं पोरीला मांडीवर घ्यायची. म्हंजे ती मामाची लेक झाली. मग मामाचं देवक लागतंय. मामाचं येगळं हाय म्हणं. शुक्रवारी करायचं ठरलंय."

ज्या बाईचा हात देवक ऐकताच विस्तवावर पडल्यासारखा मागे आला होता, तीच हे बोलत होती.

"मावशी, तुला चालतंय हे?"

"न चालून काय करू? नागू त्या दिवसापासनं नीट जेवला न्हाय. काल म्हणाला, देवक काय भाकरी करून घालतंय का? माझ्या तोंडावर म्हणाला. आपल्यात असं कोण बोललं न्हवतं कधी."

सौरव पुन्हा काकतीकडे गेला. मारुतीरावाचा फोन भरमू आण्णालाही आला होता. मामाचा आता बाप होणार होता. मारुतीरावाच्या शिव्याही देऊन झाल्या होत्या. आता फाटे फोडलेस तर आधीच्या सगळ्या घरांना तुझा पत्ता देतो, म्हणाला होता.

भरमू आण्णा उंबऱ्यात बसला होता. आठ दिवसांत वाळल्यासारखा दिसत होता.

"मी एक बोललो," तो म्हणाला, "त्येच्यावर त्येंनी मजला चढवला."

"चला माझ्याबरोबर."

"कुठं?"

"निपाणीला. मावशीपुढे बसून खरं सांगायचं. तुम्ही स्वतः."

"मारतील."

"मारतील."

भरमू आण्णानं आत जाऊन सदरा बदलला. फेट्याला हात लावला आणि सौरवकडे बघितलं. सौरवनं नको म्हणून मान हलवली. दोघं बोडक्यानंच लाल बसमध्ये बसले. वाटेत त्यानं एकदाच तोंड उघडलं. "कसं सुरू करू?"

जयाबाई अंगणात तांदूळ निवडत होती. मामांना दारात बघून ती लगबगीनं उठली, पदर घेतला, नागेंद्रला हाक मारली, पाणी आणलं. नागेंद्र शेतावरून नुकताच आला होता. त्यानं वाकून भरमू आण्णाच्या पायांना हात लावला. भरमू आण्णा मागे सरकला, पण उशीर झाला होता.

"मी पोरीचा मामा न्हाय," तो म्हणाला.

मग सगळं बोलला. हात गुडघ्यांवर ठेवून, एका सुरात. फौंड्री, नाटकं, मारुतीराव, पहिली पोर, तीच पोर, आधीची घरं. काही लपवलं नाही. आपल्याला ते आवडत होतं हेही सांगितलं. सौरव भिंतीला टेकून उभा होता. नागेंद्र कधी उठेल आणि याच्या अंगावर जाईल याची वाट बघत होता. उठला तर आपण मध्ये पडायचं की नाही हे त्याचं ठरत नव्हतं.

नागेंद्र उठला नाही.

"म्हंजे ती जाणारच हुती," तो म्हणाला.

"व्हय."

"किती दिसांनी जाती?"

"आठ-पंधरा दिस ऱ्हाती. एका घरात महिनाभर ऱ्हायली, म्हणं."

नागेंद्रनं मान हलवली. तळहातावर उसाच्या पात्यानं कापल्याची रेघ होती. ती तो अंगठ्यानं दाबत होता.

"तेवढं दिस तरी ऱ्हायली असती," तो म्हणाला.

सौरवला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मग नागेंद्रच्या तोंडाकडे बघून कळलं की ऐकलं ते बरोबर होतं. पोलिसांत जाऊ, मारुतीरावाला धरू, ती पोरगी सुटेल, असं सगळं त्यानं बसमध्ये मनात जुळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य इथे लागू पडत नव्हतं.

"नागू," तो कसाबसा म्हणाला, "दागिने घेऊन गेली असती रे."

"गेली असती." नागेंद्र उठला. "सोनं परत घडवता येतं की. उसाचं बिल आल्यावर." तो बाहेर निघाला. दारात जाऊन थांबला.

जयाबाईनं सूप बाजूला ठेवलं होतं. आता शिव्या देईल, सौरवला वाटलं. गाव गोळा करील. केलं तर बरंच, असंही त्याला वाटून गेलं. काहीतरी नेहमीचं व्हायला हवं होतं.

ती उठून आत गेली. चहाचे कप घेऊन आली. एक भरमू आण्णापुढे ठेवला. त्याला तो उचलवेना. ती त्याच्यासमोर खाली बसली, अगदी जवळ, आणि आवाज बारीक केला.

"इतक्या घरात बसलास," ती म्हणाली. "इतकी माणसं बघितलीस. त्येच्यात लग्नाची एखादी खरी पोर न्हाय का रं दिसली?"

भरमू आण्णानं सौरवकडे बघितलं. सौरवला मान वर करता आली नाही. दारातला नागेंद्र पाठमोराच होता. पण तो हललेला नव्हता. उत्तर ऐकण्यासाठी थांबला होता.